किरोगाच्या बदल्यात

वॉटफर्ड मागे पडलं आणि ट्रेन मध्येच थांबली. थांबली ती थांबूनच राहिली. सिग्नलचं काहीतरी बिनसलंय, असं गार्डने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचा त्यालाही कंटाळा आला असावा. काचेवरून मार्चमधला पाऊस तिरका ओघळत होता. कस्तुरीने पुस्तक उघडलं, मिटलं. कोटाचं बटण काढलं, लावलं. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली ही, असं नागपूरला तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये, हे तिला माहीत होतं. पण शेजारच्या सीटवरच्या तरुणाने फोन असा धरला होता, की न बघायचं म्हटलं तर डोळेच मिटावे लागले असते. आणि त्या स्क्रीनवर तिच्याच संघाचं नाव होतं.

राउंडअबाउट रेंजर्स.

खाली तिनेच काल दुपारी पाठवलेली ऑफर होती — एक अनुभवी पिचर आणि वर पुढच्या वर्षीची एक निवड, बदल्यात मातेओ किरोगा. आणि तो तरुण एका अंगठ्याने कुणाला तरी लिहीत होता: मिल्टन कीन्सचा हा बाबा किरोगासाठी फारच उतावीळ झालाय, आठवडाभर शिजू दे त्याला.

"शिजू दे म्हणे!" कस्तुरी दातांतल्या दातांत पुटपुटली. "नालायक कुठला."

त्याने मान वळवली. दाट भुवया, गालावर खळी पडते की काय असा संशय, आणि चेहऱ्यावर निखळ आश्चर्य.

"सॉरी… तुम्ही मराठी?"

"हो. आणि शिजत ठेवलेला बाबासुद्धा मीच."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग फोनकडे. मग पुन्हा तिच्याकडे… आणि खळी पडलीच.

"ओह गॉड. तू रेंजर्स? मी क्रॉयडन ट्राम्स. परीक्षित. फ्रेंड्स मला परी म्हणतात."

"परी?" तिला राग टिकवणं अवघड जाऊ लागलं. "मराठीत परी म्हणजे काय, घरी कुणी सांगितलं नाही?"

"आजोबा सांगितला. पण तोपर्यंत फार उशीर झाली होती."

ती हसली. ट्रेन अजून हलायचं नाव घेत नव्हती, आणि कस्तुरीला पहिल्यांदाच त्याचं काही वाटेनासं झालं.

हा सगळा खेळ काय होता, ते सांगायला हवं. फँटसी बेसबॉल म्हणजे कागदावरचा संघ. खेळाडू खरे, अमेरिकेतले: चेंडू टाकणारे पिचर, मागे बसून तो झेलणारे कॅचर, बॅट चालवणारे. त्यांनी तिकडे मैदानात जे करावं, त्याचे गुण इकडे आपल्या संघाला मिळावेत. या लीगमध्ये एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं राखता येई. वीस संघ, प्रत्येकात चाळीस खेळाडू. त्यामुळे नामांकित मंडळी केव्हाच संपत, आणि मग माणसं पार सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपर्यंत जात — अजून आडगावच्या मैदानांवर धडपडणाऱ्या, मोठे होतील की नाही हे देवालाच ठाऊक, अशा पोरांपर्यंत. त्यांना म्हणायचं प्रॉस्पेक्ट. दर वर्षी नवी पोरं पाळीपाळीने उचलायची; त्या एकेका पाळीला म्हणायचं निवड. आजचा पिकलेला खेळाडू देऊन उद्याचं पोर घ्यायचं, किंवा उलट — या लीगचा सगळा जीव त्या अदलाबदलीत होता.

कस्तुरीला बेसबॉल लागला तो पुण्याच्या नोकरीत. अमेरिकन क्लायंटसाठी दोन वर्षं ती याच पोरांच्या आकड्यांचे तक्ते साफ करत बसली होती. अख्खा सामना तिने क्वचितच पाहिला. पण तक्त्यातल्या एका ओळीवरून पोराचा स्वभाव ओळखायला ती शिकली. मग मिल्टन कीन्सच्या एका विमा कंपनीत नोकरी, वर्क व्हिसा, आणि ईलिंगच्या नीनाताईंनी चालवलेली ही लीग. नीनाताई पन्नाशीच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि लीगच्या नियमांच्या बाबतीत एखाद्या मुख्याध्यापिकेसारख्या कडक.

परीक्षित जन्मला लंडनच्या क्रॉयडनमध्ये. आजोबा मुरलीधर साठ वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले. तो फिजिओ होता. शिकताना सहा महिने ॲरिझोनाला जाऊन पिचर लोकांचे कोपर-खांदे बघून आलेला. दर शनिवारी मिल्टन कीन्सच्या एका रग्बी क्लबात त्याचं काम असे.

"दर शनिवारी?" ट्रेनमधून उतरताना कस्तुरीने शक्य तितक्या सहज विचारलं.

"दर शनिवारी. अकराला फ्री होतो." तो थांबला. "किरोगा… समोरासमोर बोलायचं का?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. ती नेहमीच तसं म्हणायची.

घरी जाईपर्यंत तिने तीनदा विचार केला, आणि तीनही वेळा उत्तर हो आलं.

शनिवार सुरू झाले. विलन लेकच्या काठाने, रेडवे म्हणतात त्या लाल फरसबंदीच्या पायवाटांवरून ती दोघं चालत राहायची; कारण कस्तुरीला बाकावर बसवत नसे आणि परीक्षितला तिच्या मागे रेंगाळायला आवडत असे. कॉफीचे कागदी कप हातातच गार होत. विषय एकच — निदान सुरुवातीला तरी.

"सरासरी बघू नकोस त्याची," ती सांगायची. "किरोगा वाईट चेंडूला बॅट लावतच नाही. अठराव्या वर्षी एवढा धीर! हा धीर कुणी शिकवून येत नाही."

"तू त्याला खेळताना बघितली आहेस का?"

"बघितलंयस का."

"बघितलंयस का," तो आज्ञाधारकपणे म्हणायचा, आणि वाटेतच फोनवर व्हिडिओ लावायचा. "हे बघ, वळताना त्याचा कमर. खांदे अजून लहान आहेत, पण हाडं बघ. दोन वर्षांत पंधरा किलो वाढणार. मग तो चेंडू लांब मारेल. तुझा आकडा हे सांगत नाही."

"माझे आकडे."

"तुझे आकडे. तू फार छळतेस."

"आत्ता बरोबर म्हणालास!"

फोन लहान, डोकी दोन. त्याच्या जॅकेटला ओल्या गवताचा आणि दुखण्यावरच्या मलमाचा वास येई. व्हिडिओ संपला तरी कुणी चटकन मान बाजूला घेत नसे… मग दोघांनाही एकदमच काहीतरी आठवे आणि ती पुढे चालू लागत.

एप्रिलमध्ये तिने ऑफर वाढवली. त्याने नाकारली. मेमध्ये त्याने उलट ऑफर दिली. तिने आकडेमोड करून ती नाकारली.

"खरं सांग, द्यायचाच नाहीये ना तुला?" तिने एकदा विचारलं.

"दिला तर तू शनिवारी येशील?"

"…विचार करून सांगते."

"बघ. म्हणून नाही देत."

तो हे इतक्या साधेपणाने बोलला, की कस्तुरी तळ्यातल्या बदकांकडे उगाचच फार लक्षपूर्वक बघत राहिली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. प्रेमबीम असेल, तर त्याने माणूस शांत व्हायला हवा ना? तिला तर सारखं उठून कपाट आवरावंसं वाटत होतं.

आणि जूनच्या अखेरीला, सोमवारी सकाळी, ऑफिसात सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. त्यांची अख्खी टीम बंद होत होती. ३१ जुलै शेवटचा दिवस. त्यानंतर तिच्या व्हिसाला कंपनीचा आधार उरणार नव्हता. नवा मालक शोधायला साठ दिवस. नाहीतर बॅग भरायची.

तिने आईला फोनवर सांगितलं. नीनाताईंना सांगितलं नाही. परीक्षितला तर नाहीच. का नाही, हे तिने स्वतःला पन्नासदा समजावलं. सांगितलं, की तो काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार. आणि तो बोलला, की ते प्रेमापोटी की दयेपोटी, हे आयुष्यभर कळणार नाही. त्यापेक्षा शनिवार आहेत तेवढे असू देत.

ती अर्ज करत राहिली. रीडिंग, कार्डिफ, लीड्स, मँचेस्टर. नकार यायचे, किंवा तेही यायचे नाहीत. मन कुठेच ठरेना. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. इतकी वर्षं जपलेली पोरं तिने विकायला काढली. दोन वर्षं सांभाळलेला डावखुरा पिचर गेला. व्हेनेझुएलाचा कॅचर गेला. नऊ दिवसांत पाच अदलाबदली, आणि बदल्यात सगळे तिशीपस्तिशीचे, याच मोसमात गुण देणारे भिडू. सगळ्यांत भारी ट्रेंट ओकली — लीगमधला सर्वांत भरवशाचा पिचर. रेंजर्स अकराव्या नंबरवरून पहिल्यावर आले. निदान एक कप जिंकून तरी जावं, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं.

बुधवारी चार वाजता ती ऑफिसातून बाहेर पडली, तेव्हा मिडसमर बुलेवार्डवर पाऊस नुसता कोसळत होता. समोर फुटपाथवरच्या छताखाली परीक्षित उभा होता. केस ओले, खांद्याला कामाची बॅग.

"आज बुधवार आहे," कस्तुरी म्हणाली. याहून शहाणं काही तिला सुचलं नाही.

"माहिती आहे. तीन पेशंट कॅन्सल केले." तो हसला नाही. "तू नऊ दिवसांत पाच मुलं विकलीस."

"मग? पहिल्या नंबरवर आहे मी."

"कस्तुरी, तू चार महिने मला एकच गोष्ट शिकवते आहेस. थांबायचं. धीर धरायचा. आणि आता तू अख्खा उद्या विकून टाकला." त्याने श्वास घेतला. "असं कोण करतो? ज्याला उद्या इथे राहायचंच नाही, तो. तू कुठे जातो?"

"जातेस," ती सवयीने म्हणाली… आणि तिचा आवाज फुटला.

मग तिने सगळं सांगितलं. टीम, तारीख, साठ दिवस. बोलताना ती त्या छताखाली येरझारा घालत होती, आणि तो तिच्याबरोबर मान फिरवत होता.

"मला का नाही सांगितलं?"

"कारण तू लग्नाबिग्नाचं काहीतरी बोलला असतास! तेवढं बोलू नकोस, परी. कागदासाठी मला कुणाच्या आयुष्यात शिरायचं नाही."

"मी बोलणार होतो की नाही, ते मला तरी विचार ना." त्याच्या कानशिलांवर लाली चढली होती. "माझा उत्तर तू ठरवली. माझी भीती तू ठरवली. मग मी कशाला आहे? शनिवारी कॉफी धरायला?"

"अरे, तू असं काय करून राहिलास…" चिडली, की तिची नागपुरी बाहेर यायची.

"काही नाही करून राहिलो," तो म्हणाला. बॅग खांद्यावर नीट घेतली आणि पावसात सरळ स्टेशनच्या दिशेने चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. कस्तुरी पुढच्या रस्त्यापर्यंत त्याच्यामागे गेली, आणि तिथल्या सिग्नलमधल्या लाल माणसासमोर थांबली. हिरवा झाला, तरी ती तिथेच होती.

गुरुवार ३१ जुलै. ऑफिसचा शेवटचा दिवस. आणि योगायोग असा, की लीगमध्येही अदलाबदलीचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी सहाची. कस्तुरीने टेबल रिकामं केलं, कार्ड परत दिलं, साडेचारला घरी आली. पंख्यासमोर बसली, उठली, पुन्हा बसली. परीक्षितचा काल दुपारनंतर एकही शब्द नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नवी ऑफर. क्रॉयडन ट्राम्स देणार: मातेओ किरोगा. राउंडअबाउट रेंजर्स देणार: जेरोम वीक्ली.

जेरोम वीक्ली अडतीस वर्षांचा कॅचर होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मेपासून बाकावर. लीगमध्ये त्याला कुणी फुकटसुद्धा घेतला नसता. खाली एकच ओळ होती, देवनागरीत, प्रत्येक अक्षर शोधून लिहिल्यासारखी:

*याला मोठा व्हायला तीन वर्ष लागणार. तू थांबशील का? मी थांबतो.*

कस्तुरीने ती ओळ वाचली. मग खिडकीपाशी जाऊन वाचली. मग स्वयंपाकघरात उभी राहून वाचली, आणि ओट्याला टेकून रडली.

ती काही करायच्या आत लीगच्या ग्रुपवर नीनाताई कडाडल्या. सगळ्या वीस संघांसमोर, इंग्रजीत: "हा व्यवहार मी मंजूर करणार नाही. वीक्लीच्या बदल्यात किरोगा? ट्राम्स, तुला ताप आलाय का? दोन संघांनी संगनमत केलं, तर दोघंही बाहेर. खुलासा हवा."

मग परीक्षितचं उत्तर आलं: "ताप नाही. मी रेंजर्सच्या मालकिणीच्या प्रेमात आहे. याबद्दल काही नियम आहे का?"

ग्रुपवर जे काही उसळलं, ते विचारू नका. शिकागोच्या एकाने अख्खी नियमावलीच चिकटवली. ग्लासगोच्या एकाने विचारलं, मग ओकली कुणाला मिळणार? आणि कस्तुरीचा फोन थडथडायला लागला. नीनाताई.

"अगं कार्टे! माझ्या घरी येऊन पुरणपोळ्या खातेस, आणि मला हे लीगच्या ग्रुपवर कळतंय?"

"नीनाताई, मला स्वतःलाच आत्ता—"

"ते जाऊ दे. मुलगा चांगला आहे, व्यवहार वाईट आहे. सहाला मुदत संपते. तुझं उत्तर काय? आणि विचार करून सांगते असं म्हणालीस, तर फोनमधून हात घालून कान ओढीन."

कस्तुरीने घड्याळ बघितलं. पाच पस्तीस. नोकरी नव्हती. साठ दिवस उद्यापासून मोजायचे होते. कुठल्याच तक्त्यात तिच्या बाजूने एकही आकडा नव्हता. आणि गंमत अशी, की कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच ती एका जागी निश्चल उभी होती.

"नाही म्हणत तसं," ती म्हणाली, आणि ग्रुपवर लिहिलं:

"भावना दोन्ही बाजूंनी सारखी आहे. व्यवहार मात्र अन्यायाचा आहे. मला फुकट काही नको. वीक्ली राहू दे. मी ट्रेंट ओकली देते, आणि पुढच्या दोन्ही वर्षांच्या माझ्या पहिल्या निवडी. त्या निवडींच्या वेळी मी हजर असेन."

ओकली गेला म्हणजे या वर्षीचा कप गेला, हे विसाही जणांना कळत होतं. पाच अठ्ठेचाळीसला नीनाताईंनी एकच शब्द टाकला — मंजूर.

पाच एकोणपन्नासला परीक्षितचा फोन आला.

"ओकली जास्त झाला," तो म्हणाला.

"काल मी फार वाईट वागले."

"हो. मी पण. स्टेशनला पोचलो, तर ट्रेन गेला होता. प्लॅटफॉर्मवर चाळीस मिनिटं बसलो. परत येणार होतो. मग वाटलं, आलो तर लग्नाचंच बोलणार."

ती रडता रडता हसली. "परी… मला भीती वाटते रे."

"मला पण. पण तुझी तू ठरव, माझी मी."

ऑगस्ट सोपा गेला नाही. शनिवार आता क्रॉयडनमध्ये असत. कस्तुरी ट्रामच्या खिडकीशी बसून मुलाखतींची उजळणी करी, आणि परीक्षित खोटा साहेब होऊन तिला अवघड प्रश्न विचारी. कार्डिफहून नकार आला, तेव्हा तो नुसता तिच्याबरोबर चालत राहिला, ट्रामची पाच स्टेशनं. रात्री वाद व्हायचे. एकदा त्याने लीड्स फार लांब पडेल असं म्हटलं, तर ती दोन दिवस बोलली नाही. विसाव्या दिवशी ती म्हणाली, नाही जमलं तर मी जाईन, आणि तू येऊन भेट. तो म्हणाला, येईन. दोघांनीही ते खरंच मानलं. म्हणून कदाचित पुढचे दिवस ढकलता आले.

एकेचाळिसाव्या दिवशी लीड्सहून फोन आला. एका आरोग्यसंस्थेत आकडेवारीचं काम. व्हिसाचे कागद ती संस्थाच करणार होती.

तिने सगळ्यात आधी त्याला फोन लावला. तो पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता म्हणे. एवढ्या मोठ्याने ओरडला, की पेशंटचा अडकलेला खांदा आपोआप सुटला. हे शेवटचं कितपत खरं, ते त्यालाच माहीत.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी परीक्षितने भाड्याच्या व्हॅनमधून तिचं सामान लीड्सला नेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, उतरतं छत, खिडकीबाहेर ओल्या कौलांच्या रांगाच रांगा. दुपारी तीनच्या सुमारास तो जमिनीवर मांडी घालून नव्या पलंगाचे स्क्रू पिळत होता, नि व्हॅन तिथेच परत दिल्यामुळे पाचच्या ट्रेनने त्याला निघायचं होतं. कस्तुरी त्याला एकेक स्क्रू हातात देत होती — गरजेपेक्षा बरीच हळू.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल. नागपूरला संध्याकाळ झाली असणार, देवापाशी दिवा लावून आई निवांत बसली असणार. आईला नोकरीचं माहीत होतं. बाकी काहीच नाही.

"मी किचनमध्ये जातो," परीक्षित कुजबुजला आणि उठायला लागला.

कस्तुरीने त्याची बाही धरली. हिरवं बटण दाबलं.

"आई, खोली बघ. आणि हा परीक्षित." तिने फोन वळवला. "याच्याबद्दल तुला सांगायचं होतं. मार्चपासून सांगायचंय."

परीक्षितने हातातला स्क्रूड्रायव्हर मागे लपवला, केसांवरून हात फिरवला, त्यामुळे ते आणखीच विस्कटले. "नमस्कार काकू," तो म्हणाला.

आईने चष्मा पुसला. घातला. त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या अर्ध्या जोडलेल्या पलंगाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"पलंग घट्ट बसव हं बाबा," आई अखेर म्हणाली. "ही झोपेत फार लोळते."

आणि आपण काय बोललो, हे कळून तिने पदर तोंडावर घेतला. कस्तुरीने कपाळावर हात मारला. परीक्षितचे दोन्ही कान लालबुंद झाले होते. तरी त्याने अत्यंत गंभीरपणे मान डोलावली, खाली बसला आणि पहिल्यापासूनचा एकेक स्क्रू पुन्हा पिळायला घेतला.

पाचची ट्रेन पाच वाजता वेळेवर सुटली. त्याच्याशिवाय.